रातची लाइन आली की नेट गेलं: स्विच तीनदा बदलूनही न हटलेला बिघाड

दिवाळी झाली, कापसाची पहिली वेचणी उरकली, गहू-हरभऱ्याला पाणी देणं सुरू झालं आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यातल्या आमच्या एका केंद्रावरून तक्रारी यायला लागल्या. केंद्र म्हणजे गावाबाहेरची दहा बाय बाराची खोली. आत एक अ‍ॅग्रिगेशन स्विच (गावागावांच्या लाइनी एकत्र जोडणारं यंत्र), एक ओएलटी (फायबरवरून घराघरातल्या मोडेमना जोडणारं यंत्र), एसएमपीएसचं कपाट (मेन्सची वीज डीसी करून यंत्रांना देणारं आणि बॅटरी चार्ज करणारं), २४ सेलची बॅटरी बँक आणि एक एसी. या एका खोलीवर अकरा गावं चालतात. तक्रार एकच होती: रात्री नेट जातं, दहा-बारा मिनिटांनी आपोआप येतं.

'आपोआप येतं' हे ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. गेलेलं गेलेलंच राहिलं तर मीटर लावून तासाभरात सापडतं. हे मात्र माणूस पोहोचेपर्यंत हिरवे दिवे लावून बसलेलं असतं. रजिस्टरमध्ये 'ठीक आढळले' असं लिहून माणूस परत जातो, आणि दुसऱ्या रात्री पुन्हा फोन.

केंद्र माझ्याकडे आलं तोवर स्विच तीनदा बदलून झाला होता. त्याआधी त्याचा पॉवर सप्लाय बदलला, मग सॉफ्टवेअर चढवलं, मग कोणीतरी सगळे पॅचकॉर्ड (यंत्रं जोडणाऱ्या छोट्या केबली) नवे टाकले. काय काय बदललं याची यादी पानभर होती. कोणत्या तारखेला, किती वाजता नेट गेलं याची मात्र एक ओळही कुठे नव्हती.

म्हणून पहिल्या दिवशी मी काहीच बदललं नाही. फक्त स्विचवर लॉगिन करून अपटाइम, म्हणजे तो सलग किती वेळ चालू आहे ते, बघितलं. अशा तक्रारीत पहिला फाटा इथेच फुटतो. अपटाइम चाळीस दिवसांचा दिसला तर स्विच बंद झालेलाच नाही. लिंक पडली, लूप झाला (केबल फिरून त्याच स्विचमध्ये आली) किंवा वरच्या बाजूला काहीतरी घडलं. अपटाइम काल रात्रीपासूनचा दिसला तर यंत्र स्वतः बंद होऊन उठलंय. इथे अपटाइम होता सतरा तासांचा. त्यानंतर बघायचं ते रीसेटचं कारण. बहुतेक मॅनेज्ड स्विच ते जपून ठेवतात: वीज गेली, वॉचडॉगने (अडकलेलं यंत्र स्वतःहून रीस्टार्ट करणारी सोय) उठवलं, तापमानाने बंद पाडलं की कोणी हाताने रीबूट केलं. इथे स्वच्छ लिहिलं होतं, वीज गेली. तिन्ही वेळा काढून नेलेल्या स्विचमध्येही हेच लिहिलेलं असणार, पण ते विचारायच्या आधीच त्यांना खोक्यात भरून पाठवलं होतं.

आता वेळेचा घोळ. स्विच बंद पडला की त्याच्या पोटातला लॉग पुसला जातो आणि एनटीपी (नेटवरून घड्याळ जुळवणारी सोय) लावलेलं नसेल तर उठल्यावर त्याचं घड्याळ बऱ्याचदा १ जानेवारी १९७० सारखी जुनीच तारीख दाखवतं. म्हणून लॉग बाहेरच्या सर्व्हरवर पाठवावा लागतो. आमच्याकडे तो जात होता, पण तिथली वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) होती. माझ्या आधी हे केंद्र बघणाऱ्या पोराने त्यात १६:०३ वाचलं, दुपारचे चार समजला आणि सलग दोन दिवस चार वाजता खोलीत खुर्ची टाकून बसला. काहीच झालं नाही. होणार कसं? यूटीसीत साडेपाच तास मिळवायचे असतात. १६:०३ म्हणजे रात्रीचे ९ वाजून ३३ मिनिटं. त्याला हसलो खरा, पण एकेकाळी मीही असाच बसलोय. तुमच्या सर्व्हरचं घड्याळ कोणत्या वेळेवर आहे ते लॉग उघडण्याआधी विचारून घ्या.

दोन आठवड्यांच्या नोंदी काढल्या. गेलेल्या सगळ्या वेळा रात्री साडेनऊच्या आजूबाजूच्या, दोन-चार मिनिटं इकडेतिकडे. पण रोज नाही. काही दिवस ओळीने जातं, मग काही दिवस अजिबात नाही, मग पुन्हा ओळीने. बिघडलेलं कार्ड असं पंचांग बघून वागत नाही. बाहेरचं काहीतरी आहे एवढं कळलं. काय, ते कळत नव्हतं.

ते सांगितलं शेजारच्या वावरातल्या काकांनी. मी खोलीबाहेर फटफटीवर बसून डबा खात होतो. ते धुऱ्यावरून आले, बिडी पेटवली आणि विचारलं, "काय करून राहिले भाऊ, रोज रोज?"

म्हटलं, "काका, रात्री नेट जाते, ते शोधून राहिलो."

"त्यात काय शोधता? आमची रातची लाइन आली का तुमचं नेट गेलं. माह्या पोरगा मोबाइल पाह्यत असते ना, तो वरडला का मी समजतो, लाइन आली. मंग मी मोटर चालू झाली का नाही ते पाह्याले जातो."

शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडे शेतीपंपांना थ्री फेज वीज पाळीने मिळते: काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. ज्या दिवसांत रातची पाळी, त्याच दिवसांत आमचं केंद्र पडत होतं. काकांकडून पाळीचे दिवस विचारून घेतले आणि वहीतल्या तारखांसमोर मांडले. एकूण एक जुळले.

कारण लक्षात यायला मग वेळ लागला नाही. रात्री मोटर सुरू करायला वावरात कोण जाणार? साप, रानडुकरं, आणि आमच्या तालुक्याने तर २०१८ मध्ये वाघिणीची दहशतही बघितलीय. म्हणून जवळपास प्रत्येक स्टार्टरला ऑटो बसवलेला. लाइन आली की त्या डीपीवरच्या (वावरातल्या ट्रान्सफॉर्मरवरच्या) सगळ्या मोटरी एकाच क्षणी उठतात, आणि सुरू होताना प्रत्येक मोटर नेहमीच्या पाच ते सात पट करंट ओढते. दिवसाच्या पाळीत माणसं वावरातच असतात, एकेक जण आपल्या सवडीने बटण दाबतो, म्हणून तेव्हा एवढा धक्का बसत नाही. आमच्या खोलीची जोडणी गावातून नव्हती, याच वावरातल्या डीपीवरून होती. खोली बांधताना तो खांब जवळ पडला, म्हणून.

त्या रात्री मी थांबलो. २३० व्होल्टच्या जागी मीटर आधीच २०५ दाखवत होतं. ९ वाजून ३१ मिनिटांनी ते १३० वर आलं, थरथरत राहिलं, थोड्या वेळाने १५०, मग १७०. काही मोटरी कमी व्होल्टेजवर उठल्याच नाहीत, ओव्हरलोडवर सुटल्या आणि बाकीच्यांना वाट मोकळी झाली. आमचा एसएमपीएस जुन्या धाटणीचा. १५० च्या खाली तो हात वर करतो आणि १६५ च्या वर स्थिर व्होल्टेज दिसल्याशिवाय परत येत नाही. नवे मॉड्यूल याहून बऱ्याच खालपर्यंत तग धरतात. म्हणजे तीन मिनिटं खोली बॅटरीवर.

तीन मिनिटं! बँक २०० अँपिअर-तासांची आणि लोड १२ अँपिअरचा. चांगली बँक हा लोड रात्रभर ओढते. आमच्या बँकेने पावणेदोन मिनिटांत मान टाकली. एसएमपीएसमधलं कमी-व्होल्टेज कटऑफ (बॅटरी फार उतरली की लोड तोडणारं) खाट्कन सुटलं, दिवे विझले, आणि खोलीत पंख्यांचा जो आवाज कायम असतो तो थांबला. तो आवाज थांबला की कसं वाटतं, ते या कामातल्या माणसालाच कळेल. दीड मिनिटाने वीज सुधारली, सगळं उठायला लागलं. ओएलटी पूर्ण उठून घराघरातले मोडेम परत जोडून घेईपर्यंत दहा मिनिटं गेली. लोकांनी सांगितलेली दहा-बारा मिनिटं ती हीच.

बॅटरी कोणी तपासली नव्हती असं नाही. दर महिन्याला तपासली जायची आणि रजिस्टरमध्ये ५४ व्होल्ट लिहिलेले असायचे. गोची तिथेच होती. टेलिकॉमचा डीसी पुरवठा उणे ४८ व्होल्टचा, म्हणजे प्लस टोक अर्थला बांधलेलं. जमिनीतल्या तांब्याच्या केबलींना गंज कमी लागावा म्हणून ही रीत पडली आणि फायबरच्या काळातही टिकली. बँकेत २ व्होल्टचे २४ सेल, प्रत्येकाला २.२५ व्होल्ट फ्लोट (भरलेला सेल भरलेलाच राहावा म्हणून चार्जर सतत देतो ते व्होल्टेज), एकूण ५४. पण चार्जर चालू असताना तुम्ही जे ५४ मोजता ते चार्जरचं व्होल्टेज असतं. सेलमध्ये जीव आहे की नाही, ते त्यातून कळत नाही. मेलेला सेलही फ्लोटवर २.२ दाखवून तुमच्याकडे बघून हसतो.

खरी तपासणी लोडवरची. ती अशी करतो. आधी कंट्रोल रूमला कळवायचं की अमुक वेळी मेन्स बंद करतोय, कारण यात केंद्र पडू शकतं. पहाटेची वेळ बरी. एक माणूस मीटरवर, एक वहीवर. हातातली अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवायचं. ४८ व्होल्टचा झटका माणसाला फारसा लागत नाही, पण दोन टोकांवर पाना आडवा पडला तर ही बँक हजारांच्या घरात करंट सोडते आणि पाना वितळतो. पान्याच्या दांड्याला टेप गुंडाळलेली हवीच. फ्लोटवर चोवीसही सेल मोजून लिहायचे. मग एसएमपीएसचा एसी ब्रेकर खाली पाडायचा आणि लगेच पुन्हा चोवीस सेल मोजायचे, मग दर पाच मिनिटांनी. आमच्याकडे दुसऱ्या फेरीची वेळ आलीच नाही. पहिल्या फेरीतले आकडे:

बहुतेक सेल १.९८ च्या आसपास. सातवा ०.४. पंधरावा ०.९. सोळावा १.१.

बेरीज करा: एकवीस सेल धरून ४१.६, अधिक या तिघांचे २.४, एकूण ४४.०. कटऑफ लावलेलं होतं ४४.४ वर, म्हणजे सेलमागे १.८५. सुटणार नाही तर काय होणार! बाकीचे सेलही लोड पडल्या पडल्या १.९८ वर यायला नको होते. म्हणजे बँक एकंदर म्हातारीच झाली होती.

सेल मोजताना दोन सेलांमधल्या पट्टीवरचं व्होल्टेजही मिलिव्होल्टवर बघा. सगळ्या पट्ट्यांवर सारखं असलं पाहिजे. एखादीवर बाकीच्यांच्या दुप्पट-तिप्पट दिसलं तर तिथला बोल्ट सैल असतो, नाहीतर खाली पांढरी-हिरवी भुकटी धरलेली असते. असा सांधा सेल चांगला असूनही बँक बसवतो, आणि साफ करून, घट्ट आवळून, वर पेट्रोलियम जेली लावली की फुकटात सुटतो. आमच्याकडे असा एक सापडला, पण मुख्य दुखणं ते नव्हतं.

एकच सेल गेला असता तर तो वळसा घालून बाहेर काढता आला असता. मग उरलेल्या तेवीसांसाठी फ्लोट ५१.७५ वर आणावा लागतो. तो ५४ वर तसाच ठेवला तर उरलेले सेल जास्त चार्ज होऊन फुगतात. हे लोक विसरतात आणि सहा महिन्यांत अख्खी बँक घालवतात. तीन सेल काढून मात्र चालत नाही. दुसऱ्या एका केंद्रावरून उतरवलेल्या बँकेतले तीन बरे सेल, लोडवर तपासून, तात्पुरते घातले. जुन्यांत कोरे करकरीत सेल मिसळायचे नाहीत. जुन्या-नव्याचं चार्जिंग एकमेकांशी जुळत नाही. दीड महिन्याने नवी बँक आली. त्या रात्रीपासून साडेनऊचा फोन बंद झाला. डीपीवरचा धक्का अजून बसतोच, पण आता तो आम्हाला जाणवत नाही. जोडणी गावठाणाच्या लाइनवर हलवायचा अर्ज दिलाय, तो जिथे असेल तिथे असो.

इथे हे संपायला हवं होतं. पण मला एक गोष्ट टोचत राहिली: बँक चारच वर्षांची होती. एवढ्यात तीन सेल मेले कसे?

उत्तर कपाटाच्या मागे होतं. बॅटरीचं तापमान बघणारा सेन्सर, तारेचं वेटोळं रबरबँडने बांधलेलं, प्लास्टिकच्या पिशवीत, जसा कारखान्यातून आला तसा लटकत होता. कोणी तो बँकेला लावलाच नव्हता. आपल्याकडे हे सेल २७ अंश सेल्सिअस धरून बनवतात आणि सरासरी तापमान दर १० अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं. शिवाय गरमीत फ्लोट खाली आणायला लागतो: सेलमागे अंशाला सुमारे ३ मिलिव्होल्ट, २४ सेलांना ७२. खोली ४७ अंशांवर गेली तर फरक वीस अंशांचा, म्हणजे जवळजवळ दीड व्होल्ट. ५४ च्या जागी साडेबावन्न हवे. सेन्सर पिशवीत असताना बँक आमच्या मे महिन्यात ५४ च खात राहिली, आतलं पाणी उडत गेलं आणि हिवाळ्यात जेव्हा खरंच काम पडलं तेव्हा हात टेकले. बिघाड झाला उन्हाळ्यात, दिसला रब्बीत.

मग प्रश्न आला, एसी असताना खोली ४७ वर जातेच कशी. पुढच्या मे महिन्यात तेही बघायला मिळालं. नेट पुन्हा जायला लागलं, या वेळी दुपारी तीनला. जोडीदार म्हणाला, "पुन्हा बॅटरी." म्हटलं, आधी रीसेटचं कारण बघ. या वेळी लिहिलं होतं: तापमान.

तीन गोष्टी एकत्र आल्या होत्या. एसी घरगुती, रिमोटचा. वीज जाऊन आली की तो बंदच राहतो, कोणी बटण दाबेपर्यंत. आमच्या गावांत वीज दिवसातून किती वेळा जाते-येते ते वेगळं सांगायला नको. एसी घेताना ऑटो-रीस्टार्ट आहे का, एवढं विचारलं तरी पुरे. दुसरं, शेजारी जिनिंग आहे. हंगामभर हवेत कापसाचा बारीक भुरा उडत असतो. डोळ्यांना दिसत नाही, पण स्विचच्या जाळीवर तो गादीसारखा बसतो. जाळी काढली तर बोटभर रुईचा थर हातात आला, एखादी वात वळता आली असती. पंखे पूर्ण वेगाने फिरत होते आणि हवा आत येत नव्हती. आत येणाऱ्या हवेचं तापमान ५२ आणि स्विच बनवणाऱ्याने मर्यादा लिहिलेली ४५. तुमच्या स्विचचे पंखे कायम भरधाव ऐकू येत असतील तर आधी जाळी बघा.

तिसरी गोष्ट सांगताना आवाज चढू नये असा प्रयत्न करतो. खोली तापते म्हणून राखणदार दादांनी घरचा कूलर आणून आत लावला होता. वाळ्याची ताटी, टाकीत पाणी, सगळं साग्रसंगीत. हेतू चांगला होता. घरात कूलर चालतो कारण खिडकी उघडी असते. बंद खोलीत तो फक्त ओल वाढवतो, आणि आमच्याकडच्या खाऱ्या पाण्याचे बारीक तुषार थेट यंत्रांवर. ओएलटीच्या कार्डांच्या कडांवर पांढरट पापुद्रा धरायला सुरुवात झाली होती. कूलर बाहेर काढला. दादा दोन दिवस बोलले नाहीत.

जुन्या लोकांना आठवत असेल, सी-डॉटने (सरकारी टेलिकॉम संशोधन संस्था) खेड्यांसाठी १२८ पोर्टचं जे रॅक्स एक्सचेंज बनवलं, त्यातलं पहिलं १९८६ मध्ये कर्नाटकात कित्तूरला सुरू झालं, ते एसीशिवाय चालावं म्हणूनच घडवलं होतं. धूळ, ऊन, वीज जाणं हे सगळं धरूनच. आज खेड्यात जे स्विच येतात त्यांतले बरेच शहरातल्या थंडगार खोलीसाठी बनलेले असतात. जास्त तापमान सोसणारे औद्योगिक स्विच मिळतात, ७५ अंशांपर्यंतचे. महाग पडतात एवढंच. मी दर वेळी मागतो आणि दर वेळी ते यादीतून कापले जातात.

आता आम्ही काय करतो ते थोडक्यात. हंगामात दर पंधरा दिवसांनी जाळी धुतो, पूर्ण वाळवतो आणि मगच लावतो. एसीला टायमर लावून दोन एसी आळीपाळीने चालवतो. सेन्सर मधल्या सेलच्या अंगाला चिकटवलाय. खोलीच्या पश्चिम भिंतीला बाहेरून तुराट्यांचा कूड उभा केलाय. दिसायला गावंढळ, पण भिंतीवर हात ठेवला की फरक कळतो.

पावसाळ्याच्या तोंडावर आणखी एक. आमची जमीन काळी, कपाशीची. पावसात ती अर्थिंगसाठी फार चांगली. ओल धरून ठेवते. पण मे महिन्यात तिला मूठ जाईल एवढ्या भेगा पडतात आणि अर्थच्या नळीभोवतीची माती नळी सोडून देते. नेमक्या त्याच वेळी, पहिल्या पावसाआधी, विजा कोसळतात. अर्थची मोजणी आपण करतो डिसेंबरात, कारण तेव्हा हवा बरी असते. आकडा छान येतो आणि आपण खूश. मोजायचं मेच्या शेवटी. त्या वर्षी डिसेंबरला दीड ओहम असलेला आमचा खड्डा मेमध्ये अकरावर गेला होता. खड्ड्यात कोळसा-मीठ पुन्हा भरलं, नळीत रोज दोन बादल्या पाणी टाकलं, आठवड्यात तीनवर आला. सर्ज अरेस्टरची (विजेचा झटका स्वतःवर घेणारं उपकरण) छोटी खिडकी हिरवी आहे की लाल, तेही तेव्हाच बघून घ्यावं. लाल म्हणजे तो तुमच्यासाठी एकदा मेलाय, दुसऱ्यांदा मरणार नाही. आणि खोलीबाहेर, कॅमेऱ्यापर्यंत किंवा टॉवरपर्यंत, तांब्याची लॅन केबल नेऊ नका. त्या एका केबलमधून विजेचा झटका आत शिरून स्विचचे आठ पोर्ट एका रांगेत जळालेले मी बघितलेत. फायबर टाका, मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची केबल जोडणारा डबा) लावा.

अपटाइम मोठा असूनही नेट जात असेल तर वाट वेगळी. असं एकदा झालं होतं: सोमवार ते शुक्रवार, सकाळी सव्वादहाला पाच गावं बंद, संध्याकाळी सहानंतर ठीक. लॉगमध्ये एकच मॅक पत्ता (यंत्राचा नेटवर्कवरचा ओळख क्रमांक) दोन पोर्टांवर नाचताना दिसत होता. एका कार्यालयात साधा आठ पोर्टचा स्विच होता आणि झाडझूड करताना मोकळं लोंबणारं टोक कोणीतरी 'व्यवस्थित' परत त्याच स्विचमध्ये खोचलं होतं. कार्यालय उघडलं, स्विच चालू झाला की लूप. आमच्या पोर्टवर लूप ओळखणारं लूप-डिटेक्शन आणि डेटाचा पूर रोखणारं स्टॉर्म कंट्रोल लावलं, आता तसं झालं तर फक्त त्यांचा पोर्ट बंद होतो. तिथल्या ताईंना टोकावर लाल टेप लावून दाखवलं. त्या म्हणाल्या, "अहो भाऊ, मले वाटलं निसटलं म्हणून."

सध्या डोक्यात आहे तो गुरुवारचा बिघाड. त्याच केंद्रावरून एका मोठ्या गावाकडे जाणारी लिंक दर गुरुवारी सकाळी दहाच्या सुमाराला लडखडते आणि अंधार पडता पडता सुधारते. स्विचचा अपटाइम धडधाकट. एसएफपीचा (स्विचमधला फायबरचा प्रकाश घेणारा-पाठवणारा भाग) रिसिव्ह, म्हणजे त्याला मिळणारा प्रकाश, बाकीचे सहा दिवस उणे १७ डीबीएम, गुरुवारी उणे २५ पर्यंत खाली. एसएफपी बदलावा असं दोघांनी सुचवलं. पण एसएफपीला गुरुवार कुठून कळणार? गुरुवार हा त्या गावाचा बाजाराचा दिवस. आमची केबल बाजाराच्या चौकातल्या खांबांवरून जाते आणि एका खांबावर जादा केबलचं वेटोळं टांगलेलं आहे. माझा संशय ताडपत्र्यांवर आहे. दुकानवाले दोऱ्या त्याच खांबाला बांधतात आणि दोरी वेटोळ्यावरून आवळली तर फायबर वाकत असणार. वाकण्याने होणारी प्रकाशाची घट १३१० नॅनोमीटर तरंगलांबीपेक्षा १५५० वर जास्त दिसते. सांधा खराब असता तर ती दोन्हींवर साधारण सारखी दिसली असती. म्हणून येत्या गुरुवारी ओटीडीआर (फायबरमध्ये कुठे किती प्रकाश घटतो ते दाखवणारं यंत्र) घेऊन दोन्ही तरंगलांबींवर मोजणार आहे, सकाळी आठला दुकानं लागण्याआधी एकदा आणि अकराला एकदा. दोन्ही आलेख इथेच टाकतो. तोवर कोणाकडे बाजारातल्या खांबांचा असा अनुभव असेल तर वेटोळं किती उंचीवर नेलं, ते कळवा.